उल्हासनगर, अंबरनाथ की बदलापूर? गावाकडून घर हलवण्याआधी हे नक्की वाचा

मुरबाड, शहापूर, अंबरनाथ तालुक्यातली गावं आणि शेजारचा कर्जत. या पट्ट्यात घरोघरी एक विषय हमखास निघतो. पोराला कंपनीत काम लागलंय, नातवंडांची शाळा आहे, आईला दर महिन्याला दवाखान्यात न्यावं लागतं. मग शहरात एखादी खोली घ्यायची का? आणि घ्यायची तर कुठे?

मुंबई-ठाण्याचे भाव ऐकूनच माणूस गप्प होतो. कल्याण-डोंबिवलीही आता हाताबाहेर चाललंय. म्हणून बहुतेकांची नजर तीन नावांवर येऊन थांबते, ती म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. एका बाजूला मुंबई आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला आपले डोंगर आणि घाट. ही तीन शहरं बरोबर मधल्या वाटेवर आहेत. बदलापूर हे नाव पडलं ते इथे घोडे बदलायचे म्हणून, असं जुनी माणसं सांगतात. आजही या शहरांचा मोठा उपयोग तोच आहे. इथे राहून मुंबईही गाठता येते आणि गावही सुटत नाही.

पण तिन्ही शहरं एकसारखी नाहीत. त्यांची कामधंद्याची रीत वेगळी, पाण्याची सोय वेगळी आणि घरांच्या कागदपत्रांची भानगडही वेगळी. आयुष्यभराची कमाई घालण्याआधी हा फरक समजून घ्या.

कोणतं शहर कुठे आहे?

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि पुढे वांगणी अशी स्टेशनं लागतात. मुंबई सीएसएमटीपासून अंबरनाथ साधारण ६० किलोमीटर आणि बदलापूर ६८ किलोमीटर. हा मार्ग आजचा नाही. कल्याणहून खोपोलीच्या दिशेने १८५६ मध्येच गाडी धावू लागली होती.

उल्हासनगरला आणखी एक स्टेशन जवळ आहे, ते म्हणजे कसारा मार्गावरचं शहाड. शहापूर आणि मुरबाडकरांनी हे लक्षात ठेवावं. त्याबद्दल पुढे सांगतोच.

तीन शहरं, तीन स्वभाव

उल्हासनगर: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना या बराकींमध्ये आसरा मिळाला. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून शहराला नाव मिळालं. 'कॅम्प १' ते 'कॅम्प ५' ही नावं त्या छावणीचीच आठवण. सर्वस्व मागे टाकून आलेल्या या लोकांनी व्यापारावर शहर उभं केलं. जपानी बाजार, गजानन मार्केट, फर्निचरची दुकानं, जीन्सचे कारखाने ही इथली ओळख. २०११ च्या जनगणनेत इथे ५ लाख ६ हजार लोक होते, आणि तेही जेमतेम १३ चौरस किलोमीटरमध्ये. शहर कधीच भरलंय. २००१ ते २०११ या दहा वर्षांत लोकसंख्येत फक्त ३२ हजारांची भर पडली. इथे महानगरपालिका आहे.

अंबरनाथ: शिलाहार राजांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिवमंदिर ही या शहराची जुनी ओळख. नवी ओळख कारखान्यांची. आयुध निर्माणी म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी, एकेकाळची विमकोची काडेपेटी आणि मोरिवली, आनंदनगर भागातली एमआयडीसी यांनी इथे कामगार वस्ती वसवली. २०११ मध्ये लोकसंख्या सुमारे २ लाख ५३ हजार. इथे नगरपरिषद आहे.

बदलापूर: नगरपरिषदेचं पूर्ण नाव कुळगाव-बदलापूर. नावाप्रमाणेच गावं एकत्र येऊन झालेलं शहर. २००१ मध्ये सुमारे ९८ हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. आजूबाजूच्या टॉवरची रांग बघता त्यानंतर ती किती वाढली असेल याचा अंदाज तुम्हीच करा. मराठी वस्ती मोठी, मोकळी जागा थोडी जास्त आणि नव्या इमारतीही सगळ्यात जास्त इथेच.

लोक इथे का येतात? पाच खरी कारणं

१) लोकल. गावात एसटी चुकली की दिवस गेला. इथे एक गाडी चुकली तर दुसरी येते. अंबरनाथ आणि बदलापूरहून तर लोकल सुटतातही. महिन्याचा पास काढला की प्रवास घरखर्चाला जड जात नाही.

२) घराजवळ काम. मुंबई गाठायलाच हवी असं नाही. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत आयटीआय झालेल्या मुलांना, मशीनवर काम करणाऱ्यांना, पॅकिंगच्या बायकांना काम मिळतं. उल्हासनगरच्या बाजारात शिवणकाम, सुतारकाम, दुकानात मदतनीस, टेम्पोवर ड्रायव्हर अशी कामं आहेत.

३) दवाखाना. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय हे सरकारी मोठं रुग्णालय. आपल्या तालुक्यातून पुढे पाठवलेले कितीतरी पेशंट तिथेच जातात. अंबरनाथला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. अडलेल्या बाळंतपणात किंवा सर्पदंशात वाचलेला एक तास काय असतो, हे गावातल्या माणसाला सांगायला नको.

४) शिक्षण. उल्हासनगरचं चांदीबाई कॉलेज, तालरेजा कॉलेज ही मुंबई विद्यापीठाची जुनी कॉलेजं. बदलापूर, अंबरनाथमध्ये मराठी माध्यमाच्या शाळाही टिकून आहेत. बारावीनंतर मुलीला होस्टेलवर ठेवायचं नसेल, तर घरून कॉलेज करता येतं हा फायदा मोठा आहे.

५) गाव जवळ. हे कारण सगळ्यात महत्त्वाचं. लावणीला, गणपतीला, म्हसाच्या यात्रेला, कुणाच्या मयतीला तास-दीड तासात गावात पोचता येतं. शेत वाऱ्यावर सोडावं लागत नाही. गावचा तांदूळ, भाजी, चुलीसाठी लागणारी लाकडं इतकी सगळी नाही, पण तांदूळ-भाजी तरी घरी येत राहते. मुंबईत गेलेला माणूस वर्षातून दोनदा येतो. बदलापुरात गेलेला रविवारी येतो.

तुमच्या गावाला कोणतं शहर सोयीचं?

फ्लॅटचा भाव विचारण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा.

शहापूर तालुका: आसनगाव, आटगाव, खर्डीवरून येणारी लोकल कसारा मार्गाची. बदलापूरला जायचं तर कल्याणला उतरून गाडी बदलावी लागते. उल्हासनगरच्या कॅम्प १ च्या बाजूला राहिलात तर शहाडलाच उतरता येतं, कल्याणच्या जिन्यावरची चेंगराचेंगरी टळते.

मुरबाड तालुका: कल्याण-मुरबाड रस्ता शहाडवरूनच येतो, म्हणून रस्त्यालगतच्या गावांना उल्हासनगर जवळ. पण बारवी धरणाच्या बाजूच्या गावांना बदलापूरचा रस्ता सरळ पडतो.

कर्जत, नेरळ, वांगणी: सरळ बदलापूर. गाडी न बदलता एकाच लोकलने गावाकडे जाता येतं.

आता कामाचं ठिकाण बघा. सकाळी गर्दी असते ती मुंबईकडे. घर उल्हासनगरला आणि काम अंबरनाथ एमआयडीसीत असेल, तर तुम्ही गर्दीच्या उलट्या दिशेने जाता आणि बसायलाही मिळू शकतं. घर बदलापूरला आणि काम दादर-भायखळ्याला असेल, तर जाऊन-येऊन सहज तीन तास जातात. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर पंचाहत्तर तास, म्हणजे तीन अख्खे दिवस-रात्र गाडीतच. घर स्वस्त मिळालं म्हणताना हा हिशेबही मांडा.

दुसरी बाजू: जी एजंट सांगत नाही

गर्दी: कल्याणच्या पुढे लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या सगळ्या दोनच रुळांवरून धावत आल्या आहेत. कल्याण-बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाचं काम आणि मध्ये चिखलोली हे नवं स्टेशन मंजूर आहे. मेट्रोचीही चर्चा आहे. पण 'स्टेशन येणार', 'मेट्रो येणार' म्हणून आजच जास्त पैसे मोजू नका. जे आज चालू आहे त्याचाच भाव द्या.

पाणी: उल्हासनगरला एमआयडीसीकडून पाणी येतं. अंबरनाथ-बदलापूरला पाणी देण्याचं काम मुख्यतः महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे आणि ते बदलापूरच्या बंधाऱ्यातून उल्हास नदीचं पाणी उचलतं. आपल्या डोंगरातल्या बारवी धरणावर आसपासची कितीतरी शहरं अवलंबून आहेत आणि आपल्याच गावांत उन्हाळ्यात टँकर येतो, हे दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. पण शहरात गेलं की पाण्याचा प्रश्न मिटला असंही समजू नका. नव्या इमारतीत नळाची जोडणी आहे की बोअर आणि टँकरवर चाललंय, ते विचारा. सोसायटीत राहणाऱ्या एखाद्या बाईला गाठून विचारा, 'ताई, मे महिन्यात पाणी किती वेळ येतं?' बिल्डरपेक्षा तिचं उत्तर खरं असतं.

पूर: उल्हास नदी पावसाळ्यात काय करते ते २६ जुलै २००५ ला दिसलं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. आसपासचे गावकरीही मदतीला धावले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी भरलं. बदलापूर पश्चिमेला नदीकडच्या सखल भागात घर घेत असाल तर पूररेषा बघाच. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत बांधकामाला मनाई असते. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्यापर्यंत अटी असतात. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात याची माहिती मिळते. आणि शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर ओलीचा पट्टा किती उंचीवर आहे, तेही बघून घ्या.

हवा आणि नदी: रासायनिक कारखाने जवळ असले की रात्री वास येतो, कधी डोळे चुरचुरतात. वालधुनी नदीची अवस्था पुलावरून जाताना कळते. प्रदूषणाचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर कारवाईही झाली. घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर एमआयडीसीला चिकटलेली इमारत टाळा. घर बघायला दुपारी जाऊ नका, रात्री नऊनंतर एक चक्कर मारा.

सगळ्यात मोठा धोका: कागद

गावाकडचा माणूस इथेच फसतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

उल्हासनगरची जमीन मुळात निर्वासितांच्या पुनर्वसनाची. त्यामुळे तिथे सनद किंवा सरकारने करून दिलेलं खरेदीखत हा मालकीचा पाया. सनद नसलेल्या जागेवरही इमारती उभ्या आहेत. बेकायदा इमारतींचा प्रश्न इतका वाढला की उच्च न्यायालयाचा दणका बसला आणि २००६ मध्ये सरकारला बांधकामं नियमित करण्यासाठी फक्त उल्हासनगरपुरता कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. म्हणून इथे जुनी खोली स्वस्त मिळते आहे म्हणून हुरळून जाऊ नका. इमारत कोणत्या सालची, स्ट्रक्चरल ऑडिट झालं का, पालिकेच्या धोकादायक यादीत नाव आहे का, हे आधी विचारा. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे.

अंबरनाथ-बदलापूरच्या आजूबाजूला वेगळा प्रकार चालतो. चाळीतली खोली किंवा एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट नुसत्या स्टॅम्प पेपरवर लिहून देतात. ती जमीन वनखात्याची असते, नाहीतर गुरचरण, नाहीतर वर्ग दोनची. आदिवासी बांधवाची जमीन बिगर आदिवासीला सरकारच्या परवानगीशिवाय घेताच येत नाही. नोटरी केली म्हणजे मालकी मिळाली असं होत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला दस्तच खरा.

नव्या इमारतीसाठी महारेरा नंबर मागा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

पण नुसत्या महारेरा नंबरवरही विसंबू नका. शेजारच्या डोंबिवली भागात ६५ इमारतींनी पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं. न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले आणि कर्ज काढून घर घेतलेली साधी कुटुंबं अडकली. म्हणून परवानगीचा नंबर घेऊन स्वतः पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि खातरी करा. एक दिवस मोडेल, पण पुढची वीस वर्षं सुखाची झोप लागेल.

एक सोपी कसोटी सांगतो. कर्जाची गरज नसली तरी सरकारी बँकेत जाऊन 'या घराला कर्ज देता का' असं विचारा. बँक नाही म्हणाली तर कारण विचारा. बहुतेक वेळा ते कारण कागदातच असतं.

जमीन विकून घर घ्यावं का?

रस्त्यालगतच्या गावांत जमिनीला चांगला भाव येतो आणि मग वाटतं, सगळं विकून बदलापुरात टू बीएचके घेऊ. थोडं थांबा.

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सातबाऱ्यावर तुमचं नाव कुठेच उरलं नाही, तर उद्या पुन्हा शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? शिवाय फ्लॅट जुना होतो, जमीन जुनी होत नाही. फ्लॅटला दर महिन्याला मेंटेनन्स, दरवर्षी घरपट्टी, पाणीपट्टी लागते. नोकरी गेली तर फ्लॅट पोट भरत नाही. एक तुकडा तरी नावावर ठेवाच. बहिणींची सही घाईघाईत घेऊन जमीन विकू नका, वारसाहक्काचे असे वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालतात.

घाई नसेल तर आधी वर्षभर भाड्याने राहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढलात की पूर, पाणी, गर्दी, वास सगळं आपोआप कळतं. मुलांचं मन रमतं का, म्हाताऱ्या माणसांना चौथ्या मजल्यावर करमतं का, तेही समजतं.

घर घ्यायचं ठरलंच तर घरातल्या बाईच्या नावावर घ्या. निवासी घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार रुपये.

घर हलवल्यावर लगेच करायची कामं

रेशनकार्ड बदलेपर्यंत धान्य बंद होत नाही. 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत अंगठा लावून शहरातल्या रेशन दुकानातही धान्य घेता येतं. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ भरावा लागतो. पण लक्षात ठेवा, नाव शहरात नेलं की ग्रामपंचायतीचं मतदान गेलं. गावच्या कारभारात बोलायचं असेल तर हा निर्णय घरात बसून घ्या. दोन्हीकडे नाव ठेवणं हा गुन्हा आहे.

पैसे देण्याआधी हे तपासा

– सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, उल्हासनगरमध्ये सनद
– बिनशेती आदेश आणि बांधकाम परवानगी, पालिकेतून खातरी केलेली
– महारेरा नंबर, तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र
– जुन्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल
– पूररेषेची माहिती
– नळाचं पाणी आहे की टँकर
– घरपट्टी आणि वीजबिल कोणाच्या नावावर
– बँक कर्ज देते का
– स्टेशनपर्यंत चालत किती मिनिटं, रिक्षाचं भाडं किती

यातला एकही कागद 'नंतर देतो' असं कोणी म्हणालं, तर तुम्हीही पैसे 'नंतर देतो' म्हणा.

शहरात जाण्यात कमीपणा नाही आणि गावात राहण्यातही नाही. या तीन शहरांचा फायदा असा, की एक पाय शहरात आणि एक गावात ठेवता येतो. तो फायदा टिकवायचा असेल तर घर कागद बघून घ्या आणि गावची जमीन राखा. ही माहिती घर शोधत असलेल्या तुमच्या नातेवाईकांना, गावच्या ग्रुपवर जरूर पाठवा.